नाकावरचा ऐवज

मी एक फ्रेम बोलतेय. चष्मा नव्हे हो, फ्रेम. चष्मा म्हटलं की सगळं कौतुक काचांना जातं. माणसं काचांना फुंकर घालतात, काचा पुसतात, काचांचा नंबर विचारतात. त्या काचांना धरून कोण बसलंय हे विचारायला कुणालाही सवड नसते. माझ्यात आजवर सात वेळा काचा आल्या आणि गेल्या. मी आहे तिथेच आहे, म्हणजे भोपाळच्या काशिनाथ टेंब्यांच्या नाकावर.

नाक चांगलं आहे, माझी तक्रार नाही. लांब आणि सरळ, मध्ये एक छोटा उंचवटा, त्यामुळे घसरायची भीती कमी. फक्त उन्हाळ्यात फार घाम येतो. आणि टेंब्यांना रागही तिथेच येतो.

माझा जन्म कुठे झाला ते मला आठवत नाही. काडी एकीकडे, पूल दुसरीकडे, अशा अवस्थेत कुणाला काय आठवणार? शुद्धीवर आले ती टी. टी. नगरच्या एका दुकानात, काचेच्या कपाटात. पंचाहत्तर-शहात्तर साल असावं. वरची भुवई काळी आणि जाड, खालची कड सोनेरी तारेची, असं माझं रूप. त्या काळी माणूस अधिकारी झाला की अशीच फ्रेम घ्यायचा, जणू तसा सरकारी आदेशच होता.

टेंबे दुकानात आले, मला उचललं आणि खिशातून व्हर्नियर काढून माझी मापं घ्यायला लागले. उजवी काडी, डावी काडी, पुलाची रुंदी. दुकानदार बराच वेळ बघत राहिला. शेवटी म्हणाला, "साहब, चश्मा है, तोप नहीं है."

टेंब्यांनी मान वर केली नाही. "ह्या भागाला काय म्हणतात?" असं एकेक विचारत राहिले. दुकानदारानं सांगितलं तेवढं सांगितलं, उरलेलं टेंब्यांनी घरी जाऊन ठरवलं. रविवारी त्यांनी मोठा कागद पसरला आणि माझं चित्र काढलं, वरून, समोरून, बाजूनं, सगळ्या भागांना आकडे घालून. वासंतीबाई, म्हणजे टेंब्यांच्या सौभाग्यवती, चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आपल्या लग्नाचा फोटोसुद्धा इतका जपून काढला नव्हता कुणी."

त्या चित्रामुळे मला माझी ओळख झाली, ती तुम्हालाही करून देते. एक नंबर, दोन कडा, त्यात काचा बसतात. दोन नंबर, पूल. हा दोन्ही कडांना जोडतो, नाकावरून पलीकडे जातो आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. तीन नंबर, नाकावरच्या दोन गाद्या. सगळं वजन, सगळा घाम, सगळा मळ यांच्या वाट्याला. चार नंबर, बिजागऱ्या. उघड, मीट, उघड, मीट, जन्मभर तेच. पाच नंबर, दोन काड्या. ह्या दोघी जावा. एक खाली वाकली की दुसरीनं वर उठलंच पाहिजे. आणि सहा नंबर, स्क्रू. एकूण सहा: दोन बिजागऱ्यांचे, दोन काचेची कड आवळणारे, दोन गाद्यांचे. दीड मिलिमीटरच्या आतली जाडी, पण ह्यातला एक जरी गेला तर माणूस आंधळा आणि मी भंगार.

आता टेंब्यांबद्दल. सांगलीकडचा माणूस, नोकरीपायी भोपाळला आला आणि कारखान्याच्या टाउनशिपमधल्या क्वार्टरमध्ये रुजला. कारखान्यात विजेचे मीटर बनायचे आणि टेंबे ते नापास करायचे. तपासणी विभागाचे प्रमुख होते ना. त्यांना सगळे 'नापास टेंबे' म्हणत, पाठीमागे अर्थात. नाकासमोर चालणारा माणूस. ऑफिसच्या पेन्सिलीनं घरची यादी लिहायचे नाहीत. एकदा ऑफिसचा टाचणीचा तुकडा सदऱ्याला अडकून घरी आला, तर दुसऱ्या दिवशी परत नेऊन ठेवला. मी त्यांच्या नाकावर होते, मी डोळ्यांनी बघितलंय. कारखान्यात हसू झालं, पण टेंब्यांना त्याचं काही नव्हतं.

घरीही तीच गत. पोळी कडेला जाड, नापास. मेहुण्याचं पत्र, तारीख नाही, नापास. विचार करताना माझ्या काडीचं टोक दातांत धरायची त्यांना खोड. काडी दातांत गेली की समजावं, समोरच्याची काही खैर नाही.

माझा पहिला स्क्रू गेला तो जूनच्या एका दुपारी. तपासणीच्या हॉलमध्ये उजवी काडी निखळून थेट टेबलावर. टेंब्यांना जवळचं काही दिसत नाही, लांबचं धुरकट. ते नुसते बसून राहिले. शेजारचा म्हणाला, "साहेब, दत्तूकडे पाठवा की."

दत्तू जाधव मीटर जुळणीच्या विभागात फिटर. ग्वाल्हेरचा मराठी माणूस, बोटं लांबसडक, नजर गरुडाची. मीटरच्या पोटात जे बारीक पितळी स्क्रू बसतात ते बसवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि गंमत अशी की तो मीटरचा स्क्रू चष्म्याच्या बिजागरीत अगदी तंतोतंत बसतो. हे सगळ्या कारखान्याला माहीत होतं. कुणाचीही काडी निखळली की माणूस शहरात जायचा नाही, दत्तूकडे जायचा. दत्तू ड्रॉवर उघडायचा, चिमटीत एक स्क्रू घ्यायचा, फिरवायचा, वर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. चहासुद्धा घ्यायचा नाही.

"साहेब, परेशान नका होऊ. दोन मिनिटांत लावून देतो," असं म्हणून त्यानं मला हातात घेतलं.

टेंबे समोरच बसले होते. पण बघणार कसे? मी नाकावर असले की मी त्यांना दिसत नाही आणि मला काढलं की त्यांना काहीच दिसत नाही. मीटरचा कण न् कण तपासणारा हा माणूस, आपल्याच चष्म्यात काय बसवलं ते तपासायचं त्याच्या ध्यानातही आलं नाही. मला नाकावर ठेवून म्हणाले, "वा. घट्ट बसलीय." झालं.

मग एकेक करत माझ्यातले स्क्रू गेले आणि दत्तूनं नवे बसवले. डावी काडी. मग उजव्या कडेचा, तेव्हा काच चहाच्या बशीत पडली होती. मग डाव्या कडेचा. मग उजव्या गादीचा. चार-पाच वर्षांत सहापैकी पाच स्क्रू पितळी झाले, एकच दुकानातला पांढरा उरला. एकटी मी नव्हे हो, निम्म्या कारखान्याचे चष्मे असे पितळी झाले होते. संध्याकाळी सुटीचा भोंगा वाजला की गेटवर हवालदार सगळ्यांचे डबे उघडून बघायचा, पिशव्या चाचपायचा, सायकलची सीटसुद्धा काढून बघायचा. कारण कारखान्यातली वस्तू गेट पासशिवाय बाहेर न्यायची नाही, मग ती टाचणी का असेना. आणि त्याच्या नाकाखालून, म्हणजे नाकावरून म्हणा, शेकडो स्क्रू रोज बाहेर जायचे, सकाळी परत यायचे. नाकं कोण तपासणार?

असं सुरळीत चाललं होतं. आणि एक्क्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत दत्तू पकडला गेला.

डब्याच्या वरच्या कप्प्यात काडेपेटी होती. हवालदारानं विडी पेटवायला म्हणून काडेपेटी मागितली, उघडली, तर आत काड्या नाहीत, अकरा पितळी स्क्रू. हवालदारालाच घाम फुटला, पण मागे रांगेत चाळीस माणसं उभी होती. आता सोडणार कसं? लिहावं लागलं.

दत्तू निलंबित झाला. आरोप चोरीचा. सिद्ध झाला तर नोकरी जाणार, आणि टाउनशिपमध्ये नोकरी गेली की महिन्याभरात क्वार्टर जातं. घरात म्हातारी आई, बायको, आणि सिंधू नावाची मुलगी, ती टाउनशिपच्याच शाळेत दहावीला. बोर्डाची परीक्षा महिन्यावर. ऐन परीक्षेत सामान बांधायची वेळ.

आणि चौकशी अधिकारी म्हणून कुणाला नेमलं? टेंब्यांना. दुसऱ्या विभागाचा आणि स्वच्छ माणूस हवा, असा नियम. टेंब्यांहून स्वच्छ कुठे सापडणार होता?

पहिली तारीख मला चांगली आठवते. कार्मिक विभागाची लांबट खोली. मध्ये टेंबे आणि त्यांच्या नाकावर मी. उजवीकडे कार्मिक विभागाचे चतुर्वेदी, त्यांनी कारखान्याची बाजू मांडायची. डावीकडे लघुलेखक शशिकला, इंदूरची मुलगी, वही-पेन्सिल घेऊन. दारापाशी साक्षीदार हवालदार. समोर दत्तू, हात गुडघ्यांत घातलेले. टेबलावर काडेपेटी, लाखेचं सील लावून. कागदावर तिचं नाव 'ऐवज क्रमांक एक'.

टेंब्यांनी विचारलं, "हे स्क्रू कुणासाठी नेत होतात?"

"माझ्यासाठीच, साहेब."

"काय करणार होतात?"

दत्तूनं एकदाच वर बघितलं, थेट माझ्याकडे. मग मान खाली घातली.

अहो, मी तिथे नाकावर बसून तडफडत होते. त्या खोलीतल्या प्रत्येक चष्म्यात दत्तूचं काम होतं. चतुर्वेदींना माहीत होतं, शशिकलेला माहीत होतं, हवालदाराला तर होतंच. सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते. चतुर्वेदी खाकरून म्हणाले, "बाज़ार में बेचता होगा, और क्या." आणि हे म्हणताना त्यांनी आपला सोनेरी चष्मा बोटानं वर सरकवला. निर्लज्जपणाला काही सीमा?

टेंब्यांनी माझी काडी दातांत धरली. मग मला नाकावर चढवून कागदावर लिहिलं, 'आरोपीचा खुलासा असमाधानकारक.' ते लिहिताना दिसत कशातून होतं? माझ्यातून. मला धरून कोण बसलं होतं? दत्तूचे पाच स्क्रू. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, ते मी त्या दिवशी अगदी जवळून पाहिलं.

दुसरी तारीख मंगळवारची होती. आदल्या रविवारी दुपारी टेंबे जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले. निकाल जवळजवळ लिहून झाला होता. फक्त शेवटची ओळ राहिली होती: 'आरोप सिद्ध'.

वासंतीबाईंनी ताट उचलता उचलता विचारलं, "काय लिहिलंत?"

"जे खरं आहे ते."

"मग माझंही नाव लिहा त्यात."

टेंब्यांनी पेन खाली ठेवलं.

"माझा चष्मा दत्तूकडे आहे," वासंतीबाई म्हणाल्या. "काडी निखळली होती. मी त्याच्या आईकडे नेऊन दिला. तो म्हणाला, वहिनी, शनिवारी स्क्रू आणतो, रविवारी घेऊन जा. दर रविवारी त्याच्या ओट्यावर आम्ही बायाच असतो. म्हाताऱ्याकोताऱ्या, शाळेतली पोरं. आम्ही कुठे कारखान्यात येणार चष्मे घेऊन? त्या काडेपेटीतला एक स्क्रू माझा होता."

टेंब्यांनी विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत? तीन आठवडे मी तांदूळ निवडले नाहीत, पत्र वाचलं नाही, पोथी उघडली नाही. तुम्हाला पोळीची कड दिसली, एवढं नाही दिसलं. तुम्ही सगळं तपासता हो, विचारत मात्र काही नाही." आणि मग आवाज चढवून म्हणाल्या, "तुमच्या स्वतःच्या नाकावर काय आहे ते बघा आधी."

टेंब्यांनी मला काढलं. कपाटातून आपलं भिंग आणलं, स्वतःचं, पुण्याहून घेतलेलं. वर्तमानपत्र पसरलं. ते जुनं चित्रही काढलं, आकडे घातलेलं. आणि एका बारीक पेचकसानं त्यांनी मला उलगडायला घेतलं. खरं सांगते, अंगावर काटा आला माझ्या. काड्या बाजूला, काचा बाजूला, गाद्या बाजूला. पाच पितळी स्क्रू कागदावर ओळीनं.

भिंग लावून त्यांनी पहिला बघितला. त्या स्क्रूच्या डोक्याची कड किंचित तिरपी कापलेली होती. अशी कड बाजारातल्या कुठल्याच स्क्रूला नसते. ती टेंब्यांनीच घालायला लावली होती. सरळ कडेनं जुळणीच्या बायकांची बोटं कापायची, म्हणून सहा महिने भांडून त्यांनी ती बदलून घेतली होती. आयुष्यात त्यांनी पहिल्या फटक्यात पास केलेला तो एकच माल.

दुसरा बघितला, तसाच. तिसरा, चौथा, पाचवा. पाचवा बघून झाल्यावर भिंग टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. वासंतीबाईंनी ताटं तशीच ठेवली आणि शेजारी येऊन बसल्या. मी तुकडे तुकडे होऊन तिथेच पडले होते, आणि माझा पहिल्यांदाच त्यांच्यावर राग नव्हता.

मंगळवारी टेंब्यांनी मला पुन्हा जोडून नाकावर चढवलं आणि ते खोलीत शिरले. बसल्या बसल्या पांढरा रुमाल पसरला, पेचकस काढला आणि शशिकलेला म्हणाले, "लिहा. चौकशी अधिकाऱ्याचा चष्मा. भाग एक, कडा, नग दोन. भाग दोन, पूल, नग एक."

चतुर्वेदी चमकले. "टेंबे साहब, ये क्या कर रहे हैं आप?"

"तपासणी," टेंबे म्हणाले. "भाग सहा, स्क्रू, नग सहा. पैकी कारखान्याचे पाच. गेट पास नाही."

टेंब्यांनी पाच स्क्रू रुमालावर ठेवले आणि भिंग हातात घेऊन म्हणाले, "चतुर्वेदीजी, आपला चष्मा द्या."

"मेरा क्यों?"

"द्या तर खरं."

तेवढ्यात शशिकलेनं आपण होऊन चष्मा काढला. "सर, माझ्यात दोन आहेत. दिवाळीत बसवले होते. मी पहिल्याच तारखेला बोलायला हवं होतं." आणि तिनं डोळे पुसले.

मग चतुर्वेदींना गत्यंतर राहिलं नाही. त्यांच्या सोनेरी चष्म्यात चार निघाले. हवालदार म्हणाला, "हमारा तो बहुत पुराना है साहब, ससुराल का है." सासुरवाडीच्या चष्म्यात तीन.

"एकूण?" टेंब्यांनी विचारलं.

शशिकलेला वहीतलं दिसेना. तिनं बोटांवर मोजलं. "चौदा, सर."

"काडेपेटीत अकरा. आपल्या नाकांवर चौदा. दत्तू चष्मा लावत नाही, हे पहिल्या तारखेला माझ्या लक्षात यायला हवं होतं."

आता फजिती बघा. चार माणसं, चारही चष्मे उलगडून रुमालावर पडलेले, आणि त्या खोलीत स्पष्ट दिसणारा माणूस एकच. चतुर्वेदी डोळे बारीक करून दत्तूच्या दिशेनं बघत म्हणाले, "चलो भाई, अब जोड़ दो सबका."

दत्तू तीन आठवड्यांत पहिल्यांदा सरळ बसला. "साहेब, मी सस्पेंड आहे. कारखान्याच्या मालाला हात लावायची मला इजाजत नाही. तुम्ही लिहून द्या, मी लगेच जोडतो."

लिहून देणार कोण? कुणाला कागद दिसत होता? मला हसता येत नाही म्हणून, नाहीतर मी त्या रुमालावर लोळले असते.

टेंबे म्हणाले, "बरोबर बोलतोय तो. चौकशी तहकूब." चौदाही स्क्रू पाकिटात गेले, ऐवज क्रमांक दोन. आणि चौघं आपापले तुकडे खिशात घालून, भिंतीला धरून धरून बाहेर पडले.

घरी आल्यावर दुसरंच संकट. मला दोऱ्यानं बांधायचं, तर सुई ना टेंब्यांना ओवता येई ना वासंतीबाईंना. शेवटी फुलपुडीचा दोरा घेऊन वासंतीबाईंनी चाचपत चाचपत बिजागऱ्या बांधल्या. काचा मेणानं चिकटवल्या. एका बाजूला तिरकी, दुसऱ्या बाजूला लोंबणारी, अशी मी. त्या अवतारात टेंब्यांनी अहवाल लिहिला. चारच ओळी होत्या. 'स्क्रू बाहेर गेले हे खरे. कुणी नेले त्यांची यादी सोबत आहे, पहिले नाव माझे. यादी अपुरी आहे, बाकीची नाकं तपासलेली नाहीत. चौकशी अधिकारी म्हणून मी नापास.'

अहवाल वर गेला, महाव्यवस्थापकांकडे. आणि टाउनशिपमध्ये काय गहजब झाला म्हणता. ज्यांच्यासाठी दत्तूनं तोंड शिवून घेतलं होतं तेच लोक टेंब्यांवर उखडले. "स्वतः बुडाला, आम्हालाही बुडवतो." "सगळ्यांना चोर करून ठेवलं." "नाकानं कांदे सोलतो मेला." भाजी घ्यायला गेल्या तर वासंतीबाईंशी कुणी बोलेना. टेंबे रोज मला, त्या दोऱ्याच्या अवतारात, नाकावर घालून ताठ मानेनं कामावर जायचे. लोक हसायचे. मला काही वाटायचं नाही, उलट त्या दिवसांत मी जरा मिरवूनच घेतलं.

पंधरा दिवस गेले. तिकडे सिंधूचा पहिला पेपर झाला. दत्तूच्या घरी सामान बांधायची खोकी आणून ठेवली होती, असं वासंतीबाईंना कळलं, आणि त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

सोळाव्या दिवशी हुकूम आला. महाव्यवस्थापकांनी आपला चष्मा काढून स्वतः बघितला होता म्हणे, आणि त्यातही पितळी निघाले. दत्तूला सक्त ताकीद देऊन कामावर परत. टेंब्यांनाही सक्त ताकीद, शब्द न् शब्द तोच, फक्त नाव वेगळं. आणि कँटीनशेजारी दर गुरुवारी चष्मेदुरुस्ती, प्रत्येक स्क्रूमागे एक गेट पास, स्क्रू परत जमा करायची अट नसलेला. सरकारी कारखाना हो, शेवटी त्यातूनही एक फॉर्म निघालाच.

ते पत्र घरी आणून टेंबे वासंतीबाईंना म्हणाले, "अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा मला कुणी नापास केलं." आणि इतके हसले की मी नाकावरून खाली आले.

कामावर परतल्याच्या दिवशी दत्तू तपासणीच्या हॉलमध्ये आला. टेंबे उठून उभे राहिले. ते महाव्यवस्थापकांसाठीही पटकन उठायचे नाहीत. सगळा हॉल बघत होता.

"दत्तू, माझं चुकलं," टेंबे म्हणाले. "तुझी भाकरी जात होती आणि मी तुझ्याच हातच्या चष्म्यातून बघून तुझ्याविरुद्ध लिहीत होतो. मला माफ कर."

दत्तू संकोचला. म्हणाला, "साहेब, एक बोलू का? नोकरीचं तर आपलं नशीब. पण पहिल्या तारखेनंतर मला झोप नव्हती ती वेगळ्याच गोष्टीनं. मला वाटलं, तुम्हाला सगळं माहीत आहे. नाकावर काय आहे ते माहीत आहे, आणि तरी लिहिताय."

टेंब्यांचा चेहरा पडला. "मला माहीत नव्हतं रे."

"आता कळलं ते, साहेब. तेव्हा नव्हतं कळलं."

टेंब्यांनी मला काढून दत्तूच्या हातात दिलं, आणि खुर्चीवर बसून डोळे मिटले. दत्तूनं वासंतीबाईंची दोऱ्याची गाठ सोडवली. त्याच्या बोटांवर डोळ्यांतलं पाणी पडलं होतं, ते त्यानं सदऱ्याला पुसलं आणि कामाला लागला.

ह्याला आता कितीतरी वर्षं झाली. दत्तू निवृत्त होऊन सिंधूकडे ग्वाल्हेरला गेला. टेंब्यांच्या डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, आता मी फक्त पेपर वाचायच्या वेळी लागते. परवा त्यांचा नातू मला महाराणा प्रताप नगरच्या एका चकाचक दुकानात घेऊन गेला होता, डाव्या काचेला चरा पडला म्हणून. तिथला मुलगा मला बघून म्हणाला, "अंकल, इसको अब छोड़ दो." टेंबे म्हणाले, "नुसती काच बदला. स्क्रूला हात लावायचा नाही."

माझी सोनेरी कड काळवंडलीय, गाद्या पिवळ्या पडल्यात, काडीच्या टोकावर दातांचे व्रण आहेत. फार दिवस राहिले नसावेत माझे, आणि मला त्याचं दुःख नाही. जाता जाता एवढंच सांगते. तुमच्याही नाकावर माझी कुणी बहीण बसली असेल. दुसऱ्याबद्दल काही लिहायला बसाल, त्याची नोकरी, त्याचं घर, त्याचं नाव घालवणारं काही, तेव्हा आधी तिला काढून हातात घ्या. तिला कुणी जोडलंय ते तुम्हाला दिसणार नाही, मला ठाऊक आहे. काढल्यावर तुम्हाला काहीच दिसत नाही. पण घरात कुणीतरी असेलच की. त्यांना विचारा.